बुधवारची फेरी

पहाटे साडेपाच

जुलैमध्ये मी मोबाइलवरचा हवामानाचा अंदाज बघत नाही. दार उघडतो आणि समोरची डोंगरधार दिसते का ते पाहतो. धार स्वच्छ असली तर आधी गड, मग लेणी. ढगात बुडालेली असली तर आधी लेणी, गडाचं दुपारी बघू. लोणावळ्यात पाहुणे फिरवण्याचा धंदा या एका निर्णयावर चालतो. आज धार दिसतेय, म्हणजे सकाळी लोहगड.

पाऊस रात्रभर कोसळून पहाटे थांबलाय. पुण्यात वर्षाकाठी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, इथे चार हजारांच्या वर जातो. दोन गावांत अंतर जेमतेम पासष्ट किलोमीटर. तरीही ‘आमच्याकडे तर ऊन आहे’ म्हणत कापडी बूट घालून येणारी मंडळी दर आठवड्याला भेटतात.

मी वळवणला राहतो. शेजारचं धरण टाटांचं. खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. लोणावळा, वळवण आणि शिरोता या तिन्ही तलावांचं पाणी मोठमोठ्या नळांतून घाट उतरतं, खाली वीज करतं आणि कोकणात निघून जातं. जवळच कुरवंड्याच्या अंगाला उगवणारी इंद्रायणी मात्र पूर्वेला वळून देहू-आळंदीला जाते. एकाच डोंगरावर पडलेल्या पावसाचे असे दोन रस्ते. लोणावळ्याचे ‘पॉइंट’ पाठ असलेल्यांनाही हे ठाऊक नसतं, आणि माझ्या मते इथे आल्यावर समजून घ्यायची पहिली गोष्ट हीच.

सात

गाडी धुऊन उपयोग नाही, पण काचा आणि ब्रेक बघावेच लागतात. मागे ठेवायच्या वस्तू ठरलेल्या: कोरडे टॉवेल, बॅटरी, दोरी, मीठ-साखरेचं पाणी करायला पुड्या, मोबाइल गुंडाळायला प्लास्टिकच्या पिशव्या आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. ओल्या बुटात रद्दी कोंबली की ते तासाभरात पायात घालण्याजोगे होतात. छत्री मी गडावर कुणाला नेऊ देत नाही. वारा तिची काडीन् काडी मोडतो, आणि छत्री सांभाळताना माणूस पाय कुठे पडतो ते बघत नाही.

आठ

मुंबईहून येणाऱ्यांना मी सांगतो, पहाटेची इंद्रायणी एक्सप्रेस धरा. ती सीएसएमटीहून ५.४० ला सुटते, दादर-ठाणे-कल्याण करत आठच्या सुमाराला लोणावळ्यात येते आणि दिवस अख्खा हातात राहतो. स्वतःची गाडी घेऊन निघालात तर द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या चढाला किती वेळ जाईल, ते ब्रह्मदेवही सांगणार नाही. पुण्याच्या मंडळींसाठी लोकल आहे. पण लोहगड-भाजे करायचं असेल तर लोणावळ्यापर्यंत यायचं कारण नाही, एक स्टेशन आधी मळवलीला उतरावं. दुपारी लोकलच्या वेळापत्रकात मोठी फट असते, तेवढी परतीची वेळ बघून ठेवावी.

आजचे पाहुणे कल्याणचे. आजी, मुलगा, सूनबाई, इंजिनिअरिंगला असलेला नातू आणि सातवीतली नात. नातीने गाडीतून उतरल्या उतरल्या विचारलं, “काका, कर्जतला मागून इंजिन का जोडलं?” मला असे पाहुणे आवडतात. घाटात सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे. पुढच्या इंजिनाने गाडी ओढायची आणि मागच्यांनी ढकलायची. या लोहमार्गाचं काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६३ साली गाडी घाट चढली. मधे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने, कंत्राट सोडलं नाही, इंजिनिअर नेमून काम पुढे नेलं. पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले, त्यांची नावं कुठेच नाहीत. सुरुवातीला घाटात एक उलटं स्टेशन होतं, गाडी तिथे थांबून इंजिन दुसऱ्या टोकाला लावायची. १९२९ नंतर ते बंद झालं.

नातवाने मोबाइल पुढे केला. यादी: भुशी, टायगर पॉइंट, लायन्स पॉइंट, कार्ला, भाजे, लोहगड, विसापूर, राजमाची, पवना, मेणाचे पुतळे. एका दिवसात. मी नेहमीप्रमाणे छाटणी सुरू केली. राजमाचीला तुंगार्लीवरून जायचं म्हटलं तरी पंधरा-सोळा किलोमीटर, पावसात तो रस्ता पायांचा आहे, मोटारीचा नव्हे. एक मुक्काम काढून या. विसापूर लोहगडाहून उंच, पण वाट पाण्यातून चढते, आजींना घेऊन नाही. पवनेकाठी बसायचं तर थंडीत. मेणाचे पुतळे तुम्हाला कुठेही मिळतील. एका दिवसाला एक गड आणि एक लेणं, यापलीकडे जे होतं ते गाडीच्या काचेतून होतं.

“म्हणजे लोहगड आणि भाजे,” मी म्हटलं. “आत्ता धार मोकळी आहे, गड आधी करू.”

आजी तोवर गप्प होत्या. मग म्हणाल्या, “ते तुमचं काय ते करा. पण आयचं दर्शन झाल्याबिगर मी काय खाणार नाय.”

संपलं. कल्याणच्या आगरी घरातली आजी, कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा, आणि मी तिला मळवलीला घेऊन निघालो होतो! माझा डोंगरधारेचा नियम आजींच्या उपासापुढे टिकणार नव्हता. बाकीच्यांनी स्टेशनबाहेर पोहे आणि वडापाव खाल्ले, आजींनी फक्त चहा घेतला, आणि आम्ही कार्ल्याच्या रस्त्याला लागलो.

सव्वानऊ

आगरी-कोळ्यांची एकवीरा, कायस्थ प्रभूंची एकवीरा. चैत्रात यात्रेला पायथ्याच्या वेहेरगावात पाय ठेवायला जागा नसते. मुंबई, ठाणे, रायगडहून पालख्या येतात. आषाढातल्या बुधवारी मात्र रांग छोटी असते. वर जायला पायऱ्या आहेत, बऱ्याच वरपर्यंत गाडीही जाते. आजींनी ओटी घेतली, आणि सूनबाईंनी ‘सावकाश, सावकाश’ म्हणायच्या आत त्या निम्म्या पायऱ्या चढून गेल्या होत्या. पहिल्यांदा येणाऱ्यांना एक सांगतो: पायऱ्यांवरच्या दुकानांतून खाऊ, फुलं काय हवं ते घ्या, पण हातात पिशवी लोंबकळत ठेवू नका. माकडं दर्शनाला आलेली नसतात.

देवीचं देऊळ उभं आहे ते चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी. दर्शन घेऊन माणसं पाठ फिरवतात आणि उतरायला लागतात, दहा पावलांवर काय आहे ते बघतही नाहीत. मी पाहुण्यांना दर्शनाच्या आधीच बजावतो की परतायचं नाही, आत यायचं. डावीकडे उंच खांबावर चार सिंह. ओसरीत दोन्ही बाजूंना हत्ती आणि दगडातली जोडपी. मग ती मोठी कमान, जिच्यातून उजेड आत शिरतो.

आत गेल्यावर सगळे गप्प होतात, मला काही सांगावं लागत नाही. सभागृह पंचेचाळीस मीटर लांब आणि चौदा मीटर उंच; भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत याच्याएवढं दुसरं नाही. खांब सदतीस, दोन्ही रांगांतल्या खांबांच्या माथ्यावर हत्तींवर बसलेली जोडपी, स्तूपामागचे खांब साधे. पण मी बोट दाखवतो ते छताकडे. त्या कमानदार फासळ्या लाकडी आहेत, सागवानी, लेणं कोरलं तेव्हाच्या. स्तूपावरची छत्रीही लाकडी. बाहेर चार हजार मिलिमीटर पाऊस आणि आत दोन हजार वर्षांचं लाकूड! नातवाने मोबाइल खिशात टाकला तो इथे.

दगडी छताला लाकडी फासळ्यांची गरज काय, असं नातीने विचारलं. गरज नाहीच. आधीची चैत्यगृहं लाकडाची असायची. डोंगर कोरतानाही कारागिरांना छत म्हटलं की वासे आठवले. खांबांवर आणि भिंतींवर ब्राह्मी लेख आहेत, देणगीदारांचे. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल नावाचा शेठ. धेनुकाकट गावचे यवन. आणि क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, त्याने भिक्षूंच्या पावसाळी मुक्कामासाठी करजिक नावाचं गाव दान दिल्याचा लेख आहे. कोकणातल्या बंदरांत उतरलेला माल बोरघाटाने वर यायचा, व्यापारी याच वाटेने जायचे, म्हणून लेणी इथे. भिक्षूही पावसाळाभर इथेच थांबायचे. पावसात लोणावळ्याला येण्याची रीत दोन हजार वर्षांची आहे, फक्त तेव्हा धांगडधिंगा नव्हता.

चैत्य पश्चिमेकडे तोंड करून आहे. उजेड बघायचा तर दुपारनंतर यावं, सकाळी आत अंधूक असतं. ते मी सांगितलं. आजी म्हणाल्या, “आय सकाळीच बघायची असते.” यावर काय बोलणार?

साडेअकरा

कार्ला फाट्यावरून जुना महामार्ग ओलांडून मळवलीकडे वळलं की मी इष्टुर फाकड्याची गोष्ट काढतो. जानेवारी १७७९ मध्ये रघुनाथरावाला गादीवर बसवायला इंग्रजांची फौज मुंबईहून घाट चढून आली. तिच्यातला कॅप्टन स्टुअर्ट याच कार्ल्याला मराठ्यांच्या तोफेच्या गोळ्याने मेला. शत्रू असूनही त्याची हिंमत अशी की मराठ्यांनीच त्याला ‘फाकडा’ म्हटलं. त्याच महिन्यात पुढे वडगावला इंग्रजांनी हात टेकले आणि तह केला. स्टुअर्टचं स्मारक वडगाव मावळला आहे, महादजी शिंद्यांचंही आहे. पण वडगावला थांबा असं मी सुचवलं की पाहुणे घड्याळ बघतात.

मळवली स्टेशन, द्रुतगती मार्गावरचा पूल, मग भाजे गाव. इथून दोन्ही हातांना भातखाचरं. लावणीचे दिवस. चिखलणीला बैलांच्या जोडीला आता पॉवर टिलर, इरल्यांच्या जागी प्लास्टिकचे कागद, पण वाकलेल्या बाया त्याच. या खाचरांत बहुतेक इंद्रायणी लागतो. हा तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला, १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला आणि पंचवीस-तीस वर्षांत मावळची ओळख होऊन बसला. तरुण मंडळी फोटोसाठी बांधावरून चालायला उतरतात, बांध खचतो, खाचरातलं पाणी निघून जातं. तेव्हा बांधावर उतरू नका, आणि लावणी करणाऱ्या बाईचा फोटो तिला विचारल्याशिवाय काढू नका. चिडून कुणी ओरडलं तर त्याला उद्धटपणा म्हणू नका.

भाज्याची लेणी रस्त्यावरूनच दाखवली. बावीस लेणी, कार्ल्याहून जुनी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. चौदा स्तूपांची ती विलक्षण ओळ आणि रथात बसलेला सूर्य. खरं सांगायचं तर कार्ला आणि भाजे यांतलं एकच निवडायचं असेल तर मी भाजे निवडेन, तिथे एकटं बसता येतं. आजीसोबत नसाल तर तुम्हीही तेच करा.

साडेबारा

लोहगडवाडीत एका घरी जेवण सांगून ठेवलेलं असतं. पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा, वाफाळता इंद्रायणी भात. किती माणसं ते सकाळी फोन करून सांगायचं आणि सांगितलं तितक्यांनी जेवायचं. ऐन वेळी ‘आम्ही वाटेत मॅगी खाल्ली’ म्हटलं की त्या घराचा शिधा वाया जातो. आजींचा दिवसातला पहिला घास इथे पडला. घरच्या काकू आणि आजी पाच मिनिटांत लावणीच्या मजुरीवर बोलायला लागल्या. आजींचंही माहेर भातशेतीचं होतं, ते शेत आता कुठल्याशा इमारतीखाली आहे. आम्ही निघालो तेव्हा त्या ओसरीवर पाय पसरून तांदूळ निवडत होत्या, गड चढण्याचा प्रश्नच नव्हता.

सव्वा

लोहगड आणि विसापूर यांच्यामधली गायमुख खिंड ढगाने भरून गेली होती. सकाळी दिसलेली धार आता नाही. नातवाचं तोंड पडलं. “काही दिसणार नाही का काका?”

दिसेल की. लोहगडावर येऊन लोक लांबचं बघायला धडपडतात, आणि हा गड बघायचा आहे जवळून. एकामागे एक चार दरवाजे: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. वाट सापासारखी वळत वर जाते आणि प्रत्येक वळणावर वरच्या बुरुजाच्या माऱ्यात येते. पहिला दरवाजा फोडून आत आलेला शत्रू दुसऱ्यापर्यंत पोचेस्तोवर तीन बाजूंनी दगड खाणार. हे पुस्तकात वाचून कळत नाही. नातवाला खाली उभं करून मी वरच्या तटावर गेलो आणि धुक्यातून हाक मारली. त्याला मी दिसत नव्हतो, मला त्याचं डोकं दिसत होतं. मग तो पुढच्या प्रत्येक वळणावर मान वर करून बघत चढला.

नारायण दरवाजापाशी भुयार आहे, त्यात भात आणि नाचणी साठवत. सुरतेची लूट काही काळ या गडावर ठेवली होती. १६६५ च्या पुरंदरच्या तहात गड मोगलांकडे गेला, १६७० मध्ये महाराजांनी परत घेतला. पेशवाईच्या उत्तरार्धात नाना फडणवीसांनी आपला पैसाअडका इथे हलवला, वर मोठी बाव बांधली. १८१८ च्या मार्चमध्ये इंग्रजांनी आधी समोरचा विसापूर घेतला. विसापूर उंच, तिथून लोहगड तोफेच्या टप्प्यात येतो, मग लोहगड लढवण्यात अर्थ उरला नाही. जोडगडांमधला उंच गड आधी घ्यायचा, हे दोन्ही गड पाहिल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत लोहगड आहे. आनंद झालाच, पण गर्दीही त्याच्याबरोबर आली. पावसाळ्यातल्या रविवारी या दरवाजांच्या अरुंद वळणांवर माणसं अडकून पडतात, ना वर जाता येत ना खाली. ते व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिलेत. आज आमच्या पुढे कॉलेजची चार-पाच पोरं आणि एक शाळेचे सर, बस्स.

माथ्यावर वारा असा की बोललेलं ऐकू येईना. विंचूकाट्याकडे निघालेल्या नातवाला मी थांबवलं. दीड किलोमीटरची ती सोंड मुख्य गडापासून थोडी खाली उतरून सुरू होते. तो उतार ओल्या दगडाचा, दोन्ही अंगांना खोल कडा आणि आज समोरचं दहा पावलंही दिसत नाही. मोकळ्या दिवशी तिच्या टोकावरून पवनेचं पाणी, तुंग आणि तिकोना हातावर घेतल्यासारखे दिसतात. धुक्यात ती वाट मी कुणालाच दाखवत नाही, जास्तीचे पैसे देऊ केले तरी नाही.

मग मुलांचे बाबा म्हणाले, “पवना तरी दिसायला हवी होती.” त्यांना पवना म्हणजे काठावरचे तंबू. पिंपरी-चिंचवडच्या नळाला येतं ते पाणी या धरणाचं. तेच पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात मावळातले तीन शेतकरी गेले. मी हे प्रत्येक पाहुण्याला सांगत नाही. यांनी पवनेचा विषय काढला म्हणून सांगितलं.

घसरायला होतं ते उतरताना, चढताना नव्हे. टाच आधी टेकवू नका, पाय आडवा ठेवा, शेवाळलेल्या दगडापेक्षा त्याच्या शेजारच्या गवतावर पाय द्या.

साडेचार

आजींना घेऊन खाली आलो आणि अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला: “काका, भुशी?”

भुशीचं धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवायला बांधलं. वाफेची इंजिनं गेली, धरण राहिलं, आणि पावसाळ्यात ते भरून पायऱ्यांवरून वाहायला लागलं की निम्मी मुंबई आणि निम्मं पुणं त्या पायऱ्यांवर बसायला येतं. पायऱ्यांवर बसण्यात वाईट काही नाही. घात होतो तो वरच्या बाजूला. ३० जून २०२४ ला भुशीच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत लहान मुलं होती. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला, चार जण गेले. दोन्ही दिवस रविवार होते.

डोंगरातलं पाणी कसं वाढतं ते मैदानातल्या माणसाला ठाऊक नसतं, त्यात त्याचा दोष नाही. तुम्ही उभे असता तिथे ऊन पडलेलं असतं आणि तासाभराच्या अंतरावर वर कोसळत असतो. ते पाणी ओढ्यातून येतं तेव्हा आधी रंग बदलतो, पांढरं पाणी तांबूस होतं. मग पालापाचोळा, काटक्या. मग आवाज जाड होतो. यातलं काहीही जाणवलं की सामान, चपला, मोबाइल टाकून काठाला यायचं, आणि ज्या काठावर असाल त्याच काठाला. ‘पलीकडे आपली माणसं आहेत’ म्हणून मधून जायचं नाही. पाणी ओसरायलाही फार वेळ लागत नाही, थांबलं की झालं. एकमेकांचे हात धरून साखळी करणं हा तर सर्वांत वाईट उपाय, एकाचा पाय सुटला की सगळे जातात. दर पावसाळ्यात प्रशासन काही ठिकाणी बंदीचे आदेश काढतं, काही ठिकाणी वेळेची मर्यादा घालतं. ते बोर्ड लागलेले असतात तिथे आधी काहीतरी घडून गेलेलं असतं.

आज रात्रभराच्या पावसाने भुशी जोरात होती. मी गाडी रस्त्यावर थांबवली, पाच मिनिटं खाली उतरून लांबून बघितलं, नातीने फोटो काढला. नातू थोडा रुसला. पुढे टायगर पॉइंटला जायचं का विचारलं, तर आजींनीच सांगितलं, “ढग बघायला कशाला जायचं, ढगात तर उभे आहोत.” कांदाभजी आणि भाजलेलं कणीस मात्र सगळ्यांनी खाल्लं, रुसलेल्यानेही.

सहा

बाजार. चिक्की. घाटात रेल्वेचं काम चालू असताना मजुरांना अंगात ताकद राहावी म्हणून गूळ-शेंगदाणे देत, त्यातून चिक्की निघाली, असं गावात सांगतात. आता प्रत्येक दुसरं दुकान ‘मूळ’ आणि ‘जुनं’ आहे. माझा सल्ला एवढाच: रंगीबेरंगी, चॉकलेटची, स्ट्रॉबेरीची चिक्की सोडा. शेंगदाण्याची, तिळाची किंवा खोबऱ्याची गुळातली घ्या, आणि आधी तुकडा मोडून बघा. कडकन मोडली तर ताजी, वाकली तर हवा लागलेली. पावसाळ्यात घरी नेल्यावर डबा लगेच घट्ट बंद करा. फज हवं असेल तर ते वेगळ्या दुकानांत, आणि ते दोन-चार दिवसांत संपवायचं असतं.

आजींनी चिक्कीबरोबर बाजारातून पाच किलो इंद्रायणी घेतला. हे मला आवडलं. चिक्कीचे शेंगदाणे मावळात पिकत नाहीत, तांदूळ पिकतो.

सव्वासात

संध्याकाळची इंद्रायणी मुंबईकडे जाताना घाटात उजेड असतोच असं नाही, त्यामुळे घाट सकाळी येतानाच बघून घ्यावा. बुटांतली रद्दी काढली, टॉवेल परत घेतले, हिशेब झाला. नातवाने उरलेल्या यादीचं काय म्हणून विचारलं. त्याला म्हटलं, ऑक्टोबरमध्ये ये, भातं पिवळी झाली की. तेव्हा तुंग-तिकोना, बेडसे लेणी आणि विंचूकाटा, सगळं मोकळं दिसतं आणि रस्त्यावर गर्दी नसते.

रात्री नऊ

उद्याची मंडळी पुण्याची, आणि मग शनिवारची विचारणा. तिसरा फोन शनिवारचाच. शनिवार-रविवारच्या फेऱ्या मी जुलै-ऑगस्टमध्ये घेत नाही, पैसे चांगले मिळतात तरी. घेतल्या तर अर्धा दिवस गाडी रांगेत उभी असते आणि पाहुणे लोणावळ्याला शिव्या देत परततात.

तुम्हाला यायचंच असेल तर मधल्या वारी या, एक रजा टाका. सकाळच्या गाडीने या. कोणत्याही ओढ्यात किंवा धबधब्यात पाय टाकण्याआधी जवळच्या घरात जाऊन विचारा की काल वर पाऊस किती झाला. मावळातला कुठलाही माणूस हे सांगायला पैसे मागत नाही.